अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील 'ज्यू खुर्ची'



आजचा विषय एखाद्या वकिलाने मांडावा असा आहे. माझे शिक्षण परिचारिकेच्या पदविकेपर्यंत झाले आणि सारे आयुष्य रुग्णालयाच्या वॉर्डांत गेले. निवृत्तीनंतर मात्र ग्रंथालयात बसून इतिहास वाचण्याची सवय जडली आणि वाचता वाचता एका प्रश्नापाशी मी वारंवार थबकू लागले. न्यायासनावर कोणाला बसवावे हे ठरविताना त्या व्यक्तीचा धर्म पाहावा काय? अमेरिकेच्या घटनेने याचे उत्तर १७८७ सालीच देऊन ठेवले आहे. तरीही प्रत्येक पिढीने तो प्रश्न नव्याने विचारला. त्या विचारपुशीत आपण ज्यू कधी उत्तर देणाऱ्याच्या जागी उभे होतो, तर कधी प्रश्न विचारणाऱ्याच्या. हे दुसरे आपण फारसे बोलून दाखवीत नाही, म्हणून आज बोलावेसे वाटले.

घटनेच्या सहाव्या कलमाच्या अखेरीस एक लहानसा उल्लेख आहे: संघराज्याच्या कोणत्याही पदासाठी धर्माची कसोटी लावली जाणार नाही. दक्षिण कॅरोलायनाचे प्रतिनिधी चार्ल्स पिंकनी यांनी ही तरतूद सुचविली आणि ३० ऑगस्ट १७८७ रोजी फिलाडेल्फियाच्या परिषदेने ती मान्य केली. परिषदेचे कामकाज बंद दारांआड चाले. आत काय ठरले याचा गावात कोणाला पत्ता नसे. त्याच गावात जोनास फिलिप्स नावाचे एक ज्यू व्यापारी राहत होते. तरुणपणी ते करारबद्ध नोकर म्हणून या देशात आले आणि पुढे स्वातंत्र्ययुद्धात फिलाडेल्फियाच्या नागरी पलटणीत शिपाई झाले. ७ सप्टेंबर रोजी त्यांनी परिषदेला एक पत्र लिहिले. पत्रावर त्यांनी आधी २४ एलूल ५५४७ अशी आपली तारीख घातली आणि मग इंग्रजी. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात बसणाऱ्याला जुना आणि नवा असे दोन्ही करार ईश्वरप्रेरित असल्याची शपथ घ्यावी लागे. ज्यू माणसाला ही शपथ म्हणजे आपल्या श्रद्धेशी केलेली प्रतारणाच. ती अट काढून टाकावी, अशी त्यांची विनंती होती. आठ दिवसांपूर्वीच संघराज्यापुरती ती मागणी मान्य झालेली आहे, हे त्या बिचाऱ्यांना माहीत नव्हते. एलूल म्हणजे आपला सलीहोथचा महिना. पहाटेच्या क्षमायाचनेनंतर घरी येऊन त्यांनी ते पत्र लिहिले असेल काय, असे माझ्या मनात येते.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १७९६ मध्ये, मुंबईत समाजी हसाजी दिवेकरांनी आपल्या समाजाचे पहिले प्रार्थनालय बांधले. ते इंग्रजांच्या पलटणीत अंमलदार होते. पद मिळविण्यासाठी त्यांना कोणत्याही कराराची शपथ घ्यावी लागल्याचे आपल्या परंपरेत कोठे सांगितलेले नाही. आपले पूर्वज कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत; ती ओळख होती, अडथळा नव्हता. त्यामुळे धर्माची कसोटी म्हणजे काय, हे बेने इस्राएलांना भारतात फारसे कळले नाही. ते आपल्याला कळले १९६२ साली, आणि तेही इस्राएलमध्ये. आपल्या लोकांची लग्ने लावण्यापूर्वी त्यांची वंशपरंपरा तपासावी असा आदेश मुख्य रब्बायांच्या कार्यालयाने काढला. आपल्या बांधवांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि १९६४ मध्ये क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत असे जाहीर केल्यावर तो आदेश बदलावा लागला. आपल्याच धर्माच्या माणसांनी घेतलेली परीक्षा कशी बोचते, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना मी सांगायला नको.

पुन्हा अमेरिकेकडे वळू. घटनेची तरतूद केवळ संघराज्याच्या पदांना लागू होती. राज्यांनी आपापल्या अटी ठेवल्या. मेरिलँडमध्ये ख्रिस्ती नसलेल्या माणसाला सरकारी पद मिळत नसे. तेथील विधिमंडळात थॉमस केनेडी नावाचे स्कॉटलंडहून आलेले ख्रिस्ती सदस्य होते. त्यांची कोणा ज्यूशी साधी ओळखदेखील नव्हती. तरीही १८१८ पासून त्यांनी ज्यूंना अधिकार देणारे विधेयक लावून धरले. विरोधकांनी त्याला हिणवून 'ज्यू बिल' म्हटले, १८२३ च्या निवडणुकीत याच मुद्द्यावर केनेडींना पाडले. पण ते परत निवडून आले आणि १८२६ मध्ये कायदा अंतिमतः मंजूर झाला. गंमत अशी की त्या कायद्यातही ज्यूने मरणोत्तर शिक्षा आणि बक्षिसावर विश्वास असल्याचे सांगावे, अशी अट होतीच. नास्तिकाला तर दार बंदच. ते उघडायला १९६१ साल उजाडावे लागले. रॉय टॉरकॅसो यांना नोटरीचे साधे पद हवे होते, पण ईश्वरावर श्रद्धा असल्याचे लिहून देण्यास त्यांनी नकार दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

आता न्यायाधीशांच्या नेमणुकीतली खरी मेख पाहू. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवितात आणि सिनेट संमती देते. घटनेतील बंदी ही कायद्याने अट घालण्यावर आहे. राष्ट्राध्यक्षांच्या मनात काय चालते, सिनेटर कोणत्या कारणाने हात वर करतात, यावर कोणताही कायदा पहारा ठेवू शकत नाही. म्हणून कागदावर कसोटी नसतानाही व्यवहारात धर्म मोजला जात राहिला. पहिली साडेचार दशके सर्वच न्यायमूर्ती प्रॉटेस्टंट होते. १८३६ मध्ये रॉजर टॉनी हे पहिले कॅथलिक आले. पुढे १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालामुळे त्यांचे नाव कायमचे काळवंडले, पण त्या निकालाचे मूळ गुलामगिरीत होते, रोममध्ये नव्हते. १८५३ मध्ये लुइझियानाचे ज्यूडा बेंजामिन यांना राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी न्यायमूर्तिपद देऊ केले. त्यांनी सिनेटरपद पसंत केले आणि ते नाकारले. पुढे ते गुलामगिरीच्या रक्षणासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या मंत्रिमंडळात गेले. पहिला ज्यू न्यायमूर्ती म्हणून त्यांचे नाव नोंदले गेले नाही, याचे मला तरी समाधान वाटते.

तो मान लुई ब्रँडाइस यांना मिळाला आणि तो सहज मिळाला नाही. त्यांचे आईवडील प्राग शहरातून आलेले, जन्म केंटकीतील लुइव्हिलचा, वकिली बॉस्टनची. माझ्यासारख्या परिचारिकेला ते जवळचे वाटतात ते १९०८ च्या एका खटल्यामुळे. ऑरेगन राज्याने धुलाई कारखान्यांतील स्त्रियांकडून दिवसाला दहा तासांपेक्षा अधिक काम घेण्यास मनाई केली होती आणि एका कारखानदाराने त्या कायद्याला आव्हान दिले होते. ब्रँडाइस यांनी न्यायालयापुढे शंभराहून अधिक पानांचे निवेदन ठेवले. त्यात कायद्याची चर्चा दोनच पानांची. उरलेल्या पानांत डॉक्टरांचे आणि कारखाना निरीक्षकांचे अहवाल, दीर्घकाळ उभे राहिल्याने शरीरावर काय परिणाम होतो याची माहिती. बारा तासांची रात्रपाळी केलेल्या कोणालाही हे निवेदन पटावे. न्यायालयालाही पटले. असा वकील बड्या कंपन्यांना डोळ्यांत सलणार, यात नवल नाही. शिवाय १९१४ पासून ते अमेरिकेतील झायोनिस्ट चळवळीचे पुढारी होते.

२८ जानेवारी १९१६ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी त्यांचे नाव पाठविले आणि वादळ उठले. नामनिर्देशनावर सिनेटच्या समितीने जाहीर सुनावणी घेतली, असे या देशात प्रथमच घडले. माजी राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट आणि वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेचे सहा माजी अध्यक्ष यांनी ते या पदाला लायक नाहीत असे लिहून दिले. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल यांनी बॉस्टनच्या प्रतिष्ठितांच्या सह्या गोळा केल्या. 'ते ज्यू आहेत म्हणून नको' असे उघडपणे म्हणणारे थोडे होते. शब्द वापरले गेले ते स्वभावाचे, वृत्तीचे, न्यायाधीशाला शोभणाऱ्या समतोलाचे. हे शब्द आपण नीट ओळखून ठेवावेत. जो मुद्दा तोंडाने काढायची लाज वाटते, तो असाच दुसऱ्या पोशाखात सभेला येतो. चार महिने हे चालले. समितीत दहा विरुद्ध आठ असे मतदान झाले आणि १ जून रोजी सिनेटने ४७ विरुद्ध २२ मतांनी संमती दिली. पाच वर्षांनी तेच टॅफ्ट सरन्यायाधीश झाले आणि ब्रँडाइस यांच्याच सोबत जवळजवळ नऊ वर्षे त्यांनी काम केले. त्या दोघांचे पुढे बरे जमले. जमले नाही ते न्यायमूर्ती मॅकरेनॉल्ड्स यांच्याशी. १९३९ मध्ये ब्रँडाइस निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांच्या निरोपाच्या पत्रावर या गृहस्थांनी सही केली नाही. त्यांनाही न्यायालयात आणले होते विल्सन यांनीच! एकाच माणसाने दोन वर्षांच्या अंतराने ज्यू न्यायमूर्ती नेमावा आणि ज्यूद्वेष्टाही नेमावा, हे इतिहासच करू जाणे.

दुसरे न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो. हे आपल्याला अधिक जवळचे, कारण ते न्यूयॉर्कच्या शेअरिथ इस्राएल या १६५४ सालच्या स्पॅनिश-पोर्तुगीज मंडळीचे सभासद होते. नित्याची कर्मे ते पाळत नसत. तरी १८९५ मध्ये मंडळीत स्त्रीपुरुषांना एकत्र बसविण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा पंचविशीतल्या या वकिलाने लांबलचक भाषण करून जुनी पद्धत राखण्याची बाजू मांडली. स्वतः न पाळणारा माणूस परंपरेसाठी भांडतो, हे दृश्य आपल्याही सर्वसाधारण सभांना नवे नाही.

१९३२ मध्ये होम्स निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कार्डोझो यावेत असे साऱ्या देशाच्या वकीलवर्गाला वाटत होते. राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांना दोन अडचणी दिसत होत्या. न्यूयॉर्कचे दोन न्यायमूर्ती आधीच होते, आणि एक ज्यूही होता. 'एक आहे ना, मग दुसरा कशाला' हा तो विचार. आयडाहोचे सिनेटर बोरा त्यांना भेटायला गेले तेव्हा हूव्हर यांनी नावांची यादी पुढे केली. कार्डोझो सर्वांत खाली होते. यादी चांगली आहे, पण तुम्ही ती मला उलटी दिलीत, असे बोरा म्हणाले, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. धर्माचा आक्षेप जो घेईल तोच या चर्चेला अपात्र, असेही त्यांनी ठणकावले. बोरा ज्यांच्या राज्यातून आले तेथे ज्यू मतदार कितीसे असणार? मेरिलँडच्या केनेडींसारखेच हेही. सिनेटने कार्डोझो यांना एकमताने संमती दिली, तीही नऊ दिवसांत. सहा वर्षे न्यायालयात दोन ज्यू बसले आणि आकाश कोसळले नाही.

१९३८ च्या जुलैत कार्डोझो वारले. त्यांच्या जागी रूझवेल्ट फेलिक्स फ्रँकफर्टर यांना आणू पाहत होते. त्या वर्षी नोव्हेंबरात जर्मनीत प्रार्थनालये जळाली, आणि येथे काही प्रतिष्ठित ज्यू मंडळींनी राष्ट्राध्यक्षांना विनविले की फ्रँकफर्टर नकोत. आणखी एक ज्यू नेमला तर लोकांचा राग वाढेल. या मंडळींना भेकड म्हणणे आज सोपे आहे. मला तसे म्हणवत नाही. दंगलीच्या काळात दारावरची पाटी उतरवून ठेवणाऱ्या माणसाची भीती मला समजते. परंतु रूझवेल्ट यांनी त्यांचे ऐकले नाही, हे बरे झाले. व्हिएन्नात जन्मलेला, बाराव्या वर्षी एक अक्षर इंग्रजी येत नसताना न्यूयॉर्कला उतरलेला मुलगा १९३९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयावर गेला.

येथे मी थोडी थांबणार आहे, कारण 'आपला माणूस' या कल्पनेची खरी परीक्षा फ्रँकफर्टर यांच्याजवळ होते. पेनसिल्व्हेनियातील मायनर्सव्हिल गावी गोबायटिस नावाचे कुटुंब यहोवाचे साक्षीदार या पंथाचे होते. त्यांच्या मुलांनी शाळेत राष्ट्रध्वजाला सलाम करण्यास नकार दिला, कारण त्यांच्या श्रद्धेनुसार ती मूर्तिपूजा होती. दहा आज्ञा पाठ असलेल्या कोणत्याही ज्यू मुलाला तो आक्षेप कळला असता. शाळेने मुलांना काढून टाकले. १९४० मध्ये खटला सर्वोच्च न्यायालयात आला आणि आठ विरुद्ध एक मतांनी निकाल शाळेच्या बाजूने लागला. निकालपत्र लिहिले होते फ्रँकफर्टर यांनी. त्यानंतर त्या पंथाच्या लोकांवर देशभर हल्ले झाले. तीन वर्षांत न्यायालयाने मत बदलले. १९४३ च्या बार्नेट खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी मुलांना मुभा मिळाली. मत बदललेल्यांत कॅथलिक न्यायमूर्ती मर्फी होते. फ्रँकफर्टर बदलले नाहीत. आपल्या भिन्नमताच्या आरंभीच त्यांनी लिहिले की इतिहासातील सर्वांत छळ सोसलेल्या अल्पसंख्याकांपैकी मी एक आहे आणि मुलांचे स्वातंत्र्य मला प्रिय आहे. परंतु न्यायाधीश म्हणून आम्ही ना ज्यू, ना इतर कोणी.

त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. शाळेतून काढलेली ती मुले माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. पण फ्रँकफर्टर यांना जे ज्यू म्हणून नको होते, आणि जे ज्यू म्हणून हवे होते, त्या दोघांचाही अंदाज चुकला, एवढे मात्र खरे. आणखी एक गोष्ट. १९६० मध्ये त्यांच्याकडे साहाय्यक म्हणून एका अत्यंत हुशार ज्यू तरुणीची शिफारस आली. स्त्री साहाय्यक नको, म्हणून त्यांनी तिला भेटीलाही बोलावले नाही. तिचे नाव रूथ बेडर गिन्सबर्ग.

कॅथलिकांच्या बाबतीत हाच खेळ थोड्या वेगळ्या रीतीने चालला. १९४९ मध्ये मर्फी वारले आणि सात वर्षे एकही कॅथलिक न्यायमूर्ती नव्हता. १९५६ च्या निवडणुकीच्या तोंडावर आयझेनहॉवर यांनी न्यू जर्सीचे विल्यम ब्रेनन यांना नेमले. ते कॅथलिक असणे हे त्यामागचे एक कारण होते, हे गुपित नव्हते. पुढे सिनेटच्या सुनावणीत त्यांना विचारण्यात आले की पोपची आज्ञा आणि घटना यांत विरोध आला तर तुम्ही काय कराल. पदाची शपथच मला बांधील, असे त्यांनी उत्तर दिले. आणि तसेच वागले. सरकारी शाळांतील सक्तीची प्रार्थना १९६२ आणि १९६३ मध्ये रद्द झाली, १९७३ मध्ये गर्भपाताचा हक्क मान्य झाला. तिन्ही वेळा ब्रेनन बहुमतात होते. कॅथलिक मतांसाठी ज्यांनी त्यांना आणले ते कपाळावर हात मारून बसले असतील.

आपल्या भारतातही अशी अलिखित वहिवाट होती. १९५० च्या पहिल्या सर्वोच्च न्यायालयात फजल अली होते. १९६८ मध्ये नागपूरला शिकलेले आणि तेथेच उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले हिदायतुल्ला भारताचे सरन्यायाधीश झाले. माझ्या पिढीला त्यांचे नाव चांगले आठवते, आणि ते मुसलमान म्हणून नव्हे.

फ्रँकफर्टर १९६२ मध्ये आजारपणामुळे निवृत्त झाले, तेव्हा 'ज्यू खुर्ची' हा शब्द रूढ झाला होता. केनेडी यांनी तेथे आर्थर गोल्डबर्ग यांना बसविले, १९६५ मध्ये जॉन्सन यांनी एब फोर्टास यांना. फोर्टास यांना १९६९ मध्ये पैशांच्या व्यवहारावरील वादातून राजीनामा द्यावा लागला. निक्सन यांची पहिली दोन नावे सिनेटने फेटाळली आणि अखेर १९७० मध्ये मेथडिस्ट पंथाचे हॅरी ब्लॅकमन त्या जागी आले. चोवीस वर्षे न्यायालयात एकही ज्यू नव्हता. मी या देशात आले ती त्याच काळात. रुग्णालयात ज्यू डॉक्टर ढिगाने होते, विद्यापीठांत प्राध्यापक होते. त्या एका खुर्चीविषयी हळहळ करताना मी कोणाला पाहिले नाही. खुर्ची राखीव असणे हे आपण अजून पाहुणे असल्याचे लक्षण होते, असे मला आता वाटते. १९९३ मध्ये गिन्सबर्ग आणि १९९४ मध्ये ब्रायर आले, तेव्हा त्यांना ज्यू म्हणून नेमले असे कोणी म्हटले नाही, आणि गिन्सबर्ग स्वतः हे अभिमानाने सांगत.

एकाचे दोन झाल्याने लहान लहान गोष्टी बदलल्या. किप्पूरच्या दिवशी, आपल्या जुन्या बोलीत दारफाळणीच्या सणाला, न्यायालय सुनावणी ठेवीत नाही, कारण त्या दोघांनी सरन्यायाधीशांकडे तसे सुचविले. वकिलांना मिळणाऱ्या सनदेवर वर्षासोबत 'आमच्या प्रभूचे' असे शब्द असत. कर्मठ ज्यू वकिलांची ती तक्रारही गिन्सबर्ग यांनी दूर करवून घेतली. २०१० मध्ये एलेना केगन यांची सुनावणी झाली, तेव्हा नाताळच्या दिवशी तुम्ही कोठे होता, असे सिनेटर ग्रॅम यांनी विचारले. सगळ्या ज्यूंप्रमाणे बहुधा चिनी हॉटेलात, असे त्या म्हणाल्या आणि सभागृह हसले. ब्रँडाइस यांना समितीपुढे येताही आले नव्हते, त्या समितीत हे हसू. त्या वर्षी न्यायालयात सहा कॅथलिक आणि तीन ज्यू होते. ज्या देशात पहिली साडेचार दशके सर्व न्यायमूर्ती प्रॉटेस्टंट होते, तेथे एकही प्रॉटेस्टंट उरला नव्हता.

आता सुरुवातीला मी ज्या दुसऱ्या बाजूचा उल्लेख केला तिच्याकडे येते. सप्टेंबर २०१७ मध्ये एमी कोनी बॅरेट यांची खालच्या न्यायालयासाठी सुनावणी होती. त्या श्रद्धाळू कॅथलिक. सिनेटर डायॅन फाइनस्टाइन, म्हणजे आपल्याच धर्माच्या, त्यांना म्हणाल्या की तुमच्या ठायी धर्ममताचा आवाज फार मोठा आहे आणि त्याची चिंता वाटते. प्रश्नाला आधार नव्हता असे नाही. १९९८ मध्ये बॅरेट यांनी एका प्राध्यापकासोबत लेख लिहिला होता: सदसद्विवेकामुळे फाशीची शिक्षा देता येत नसेल तर कॅथलिक न्यायाधीशाने काय करावे. त्या लेखाविषयी विचारणे योग्यच. पण श्रद्धेच्या आवाजाची मोजणी करणे ही वेगळी गोष्ट. परिणाम उलटाच झाला. लोकांनी ते शब्द कपांवर आणि टी-शर्टांवर छापून मिरविले. २०२० मध्ये नव्याच्या सणाच्या संध्याकाळी गिन्सबर्ग वारल्या आणि त्यांच्या जागी बॅरेटच आल्या.

रुग्णालयात दाखल करताना फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. मी तो हजारो वेळा भरून घेतला आहे. पाद्री बोलवायचा की रब्बाय, जेवण कोशेर की हलाल की शाकाहारी, प्राण गेल्यास देहाला कोणी हात लावावा, यासाठी तो लागतो. औषधाची मात्रा त्या रकान्यावरून ठरत नाही. न्यायाधीशाच्या बाबतीतही मला हाच भेद दिसतो. अमुक खटल्यात तुम्ही कायदा कसा लावाल, तुमच्या लेखाचा अर्थ काय, हे जरूर विचारावे. तुम्ही किती श्रद्धाळू, हे विचारू नये. २०२२ मध्ये ग्रॅम यांनीच केटांजी ब्राउन जॅक्सन यांना विचारले की एक ते दहा या मापात तुमची श्रद्धा किती. बॅरेट यांच्यावरील अन्याय दाखवून देण्यासाठी आपण हे विचारले, असे त्यांनी पुढे सांगितले. जॅक्सन यांनी घटनेतील त्या सहाव्या कलमाची आठवण करून दिली आणि आकडा देण्याचे नाकारले.

शेवटचे प्रकरण आपल्या न्यू जर्सीचे आहे आणि या सभागृहात त्यावर दोन मते आहेत, हे मी जाणते. २०२१ मध्ये झाहिद कुरेशी हे येथील संघीय न्यायाधीश झाले. सैन्यातर्फे इराकमध्ये सेवा केलेले, आणि संघीय न्यायालयातले पहिले मुसलमान न्यायाधीश. सिनेटने ८१ विरुद्ध १६ मतांनी त्यांना संमती दिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये कराचीत जन्मलेले वकील अदील मंगी यांचे नाव अपील न्यायालयासाठी पुढे आले. डिसेंबरात सुनावणी झाली तेव्हा ७ ऑक्टोबरला दोन महिनेसुद्धा जेमतेम उलटले होते. आपल्यापैकी प्रत्येकाचे कोणी ना कोणी अश्दोदला, लोदला, बीरशेबाला आहे. त्या दिवसांत आपण फोन हातातून खाली ठेवत नव्हतो. मंगी यांना सिनेटरांनी त्या हत्याकांडाविषयी पुनःपुन्हा विचारले, जणू त्यांनी त्याचा जबाब द्यायचा होता. त्यांनी दहशतवादाचा स्पष्ट निषेध केला. एका विद्यापीठीय केंद्राच्या सल्लागार मंडळावर ते होते. तेथील कार्यक्रमांविषयी विचारणे मला गैर वाटत नाही. पण न्यू जर्सीतल्या करविषयक खटल्याचा निकाल देणाऱ्या माणसाला गाझाचा हिशेब केवळ त्याच्या नावावरून मागणे, हे १९१६ मधल्या 'स्वभावाच्या' प्रश्नांचेच भावंड आहे. ज्यूद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या आपल्या मोठ्या संघटनेने, अँटी-डिफेमेशन लीगने, त्या प्रश्नांना अयोग्य म्हटले. ज्या आठवड्यांत आपले दुःख सर्वांत ताजे होते तेव्हा ते म्हणणे सोपे नव्हते. पुढे पोलिसांच्या संघटनांनी वेगळ्या एका संस्थेवरून विरोध केला, काही डेमोक्रॅटिक सिनेटरही मागे हटले, आणि २०२४ संपेपर्यंत मंगी यांच्या नावावर पूर्ण सिनेटमध्ये मतदानच झाले नाही.

किद्दुशच्या वेळी एका भगिनीने मला विचारले होते की त्यांना दोन प्रश्न विचारले तर बिघडले काय. मी त्यांना उलट विचारले की उद्या या सभागृहातल्या एखाद्या मुलीचे नाव सिनेटपुढे गेले आणि इस्राएलच्या प्रत्येक बॉम्बचा जबाब तिच्याकडे मागितला, तर आपण काय म्हणू. त्या काही बोलल्या नाहीत. चर्चा मात्र अजून संपलेली नाही.

मिन्हाची वेळ होत आली, दहा माणसे भरली आहेत असे हझानसाहेब खुणावीत आहेत. ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी प्रार्थनेनंतर अवश्य थांबावे.